आदत गाडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची तर ती वाढत्या अंगाची घ्यायची, असा नियम होता. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुढचा, चपला अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील अशा, आणि घर तर इतकं वाढत्या अंगाचं की तिसऱ्या मजल्यावर पुढे कोण राहणार, हे अजून ठरायचंय. आंबिवली स्टेशनपासून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं ते घर आहे. पुढच्या बाजूला संगमरवरी खांब, मागच्या बाजूला गोठा. खांब जमीन विकल्यानंतरचे, गोठा त्याच्या आधीचा. आलेल्या पाहुण्याला बाबा खांब दाखवायचे आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आप्पा, त्याला हाताला धरून मागे गोठ्याकडे न्यायचे. पाहुणे दोन्हीकडे मान डोलवायचे, पण जास्त वेळ रमायचे ते गोठ्यात.

आप्पांना मूलबाळ नव्हतं. काकी मला आठवतही नाही इतक्या आधी गेलेली. शेतं गेल्यावर आप्पांना तसं काही काम उरलं नव्हतं, पण एक काम मात्र त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नसे, ते म्हणजे बैलाची पारख. आमच्या भागात शर्यतीच्या बैलांचं वेड होतं आणि आहे. बैल घ्यायचा म्हटला की मुरबाड-बदलापुरापासून माणसं आप्पांना न्यायला गाडी घेऊन येत. आप्पा जनावराभोवती एक फेरी मारत, त्याला मागून चालताना बघत, दात बघत, आणि मग एकच शब्द बोलत: "घ्या" किंवा "जेवाला चला". जेवायला चला म्हणजे बैल घ्यायचा नाही. घरचे दोन बैल होते, बादल आणि पिंट्या. आप्पांच्या जेवणाची वेळ त्या दोघांच्या जेवणानंतरची.

मग कोर्टाच्या हुकमाने शर्यती बंद झाल्या. (त्या पुढे पुन्हा सुरूही झाल्या, पण ते फार नंतर.) बादल आणि पिंट्या गोठ्यात उभे राहून खाऊ लागले. बाबा व्यवहारी माणूस. आप्पा भिवंडीकडे एका हळदीला गेले असताना बाबांनी गिऱ्हाईक बोलावलं आणि बैल विकून टाकले. विचारलं असतं तर भाऊ नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही, असं बाबांचं म्हणणं. मी आता ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. हा बचाव टिकणारा नाही, हे मी अशिलाकडून फी न घेताही सांगेन.

आप्पा हळदीहून परतले, मागे गेले, रिकामा गोठा बघितला आणि परत येऊन ओट्यावर बसले. आई म्हणाली, "आप्पा, हात धुवा, वालाचं बिरडं केलंय." आप्पांनी हात धुतले, ताटावर बसले आणि अर्ध्यात उठले. त्या दिवसानंतर ते तसेच. सकाळी ओट्यावर, दुपारी खाटेवर, संध्याकाळी परत ओट्यावर. न्यायला माणसं येईनाशी झाली, कारण आता न्यायचं कशाला. गुडघे दुखतात म्हणून बाहेर जायचं बंद झालं. बाबांशी त्यांनी बोलणं टाकलं असं म्हणता येणार नाही. "हं" म्हणत असत. आई तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवायची, जवळा करायची, चिंबोऱ्या आणवायची, आणि ताट अर्धं भरलेलं परत यायचं. एकदा तिने स्वयंपाकघरात मला सरळ सांगितलं, "अगं, हा माणूस असाच बसून संपेल. आणि तुझ्या बाबांना हे जन्मभर पुरेल." तेव्हा मी बारावी उरकून निकालाची वाट बघत होते. आपल्याला काहीच करता येत नाही, याचा मला फार राग यायचा.

आम्ही तीन भावंडं. मी पहिली, आणि माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना झालेली जुळी: बंट्या आणि चिकू. त्यांचा सातवा वाढदिवस जवळ आला होता. मुरबाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात त्यांनी चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली छोटी गाडी बघितली, तिच्यावर एक चक्कर मारली आणि घरी येईपर्यंत रडली. तिला एटीव्ही म्हणतात, ती चिखलात, दगडात, शेतात कुठेही चालते, आणि लहान मुलांसाठीसुद्धा मिळते, अशी माहिती बाबांनी काढली. मागची वाडी अजून आमच्याकडेच होती, दोन बांध आणि चार चिकूची झाडं. मुलांना रस्त्यावर सोडायची सोय नव्हती, कारण रस्त्यावर सिमेंटचे ट्रक. वाडीत चालेल अशी गाडी हवी, हे बाबांना पटलं. त्यांनी ती घ्यायची ठरवण्याच्या आधीच वाढदिवसाच्या बॅनरवर मुलांना तिच्यावर बसवून टाकलं. बॅनरवाल्याने जोडलेल्या त्या चित्रात दोघांच्या डोळ्यांवर गॉगल होते आणि गाडीची चाकं घराच्या छपराएवढी होती.

आणि मग एका सकाळी बाबा ओट्यावर आले आणि आप्पांकडे न बघता समोरच्या विजेच्या खांबाला म्हणाले, "पोरांसाठी गारी बगाला ठाण्याला जायाचा हाय. पारख करनारा कोनतरी पायजे." खांब काही बोलला नाही. आप्पाही नाही. बाबा वाट बघत उभे राहिले, मग आत गेले. चहा उकळून झाला तेव्हा आप्पा उठले आणि त्यांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला. आई मोरीत जाऊन रडून आली. तोंड धुऊन मला म्हणाली, "तू पण जा. इंग्रजी वाचायला कुणी हवं, आणि हे दोघं एका गाडीत एकटे नकोत."

दुकान ठाण्याला घोडबंदर रोडवर होतं. काचेच्या आत गार हवा आणि ओळीने मांडलेल्या गाड्या. टाय लावलेला तेजस नावाचा विक्रेता हसत पुढे आला. आप्पा त्याच्याकडे न बघता ओळीच्या मागच्या टोकाला गेले. जनावर आधी मागून बघायचं असतं. त्यांनी प्रत्येक गाडीभोवती एकेक फेरी मारली, सीटवर तळवा दाबून बघितला, वाकून टायर बघितले, एकीच्या हेडलाइटसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही तापट हाय." तेजस म्हणाला, "सर, ती आमची बेस्ट सेलर आहे." आप्पांनी मान हलवली. तापट जनावरं लवकर खपतात, हे त्यांना माहीत होतं.

बाबा मात्र थेट त्या बेस्ट सेलरपाशीच जाऊन उभे राहिले. ती मोठी होती, हिरवी होती, आणि बॅनरवरच्या गाडीच्या जवळ जाणारी होती. "हीच घेऊ," ते म्हणाले. "वाढत्या अंगाची. लहान घेतली तं दोन वर्सांत फुकट." मी तिच्यावर चिकटवलेलं इंग्रजी वाचून दाखवलं. सोळा वर्षांखालच्यांनी चालवायची नाही, असं लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "मग? सोला वर्सांची होनारच हायत ना कवातरी?" तेजसने माझ्याकडे बघितलं. मी तेजसकडे बघितलं. विक्रेत्याला मोठी गाडी खपवायची असते, पण त्याच्या तोंडावर खरोखर भीती दिसली, म्हणून तो माणूस मला आवडला.

"किती दाती?" आप्पांनी विचारलं. बैलाचं वय दातांवरून मोजतात.

तेजस म्हणाला, "सर, सीसी विचारताय का? एकशे पंचवीस."

"म्हंजे जुनी झालेली. आमची पोरां दुधाच्या दाताची. यांना आदत दाखव." आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं वासरू. तेजसला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. तो आम्हाला कोपऱ्यातल्या एका लहान, लाल गाडीकडे घेऊन गेला. ती माझ्या गुडघ्याच्या थोडीच वर येत होती. बाबांनी तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. आप्पा म्हणाले, "गोऱ्ह्याच्या मानेवर बैलाचा जू घातला तं मान जाते. मान गेली का मग मोठा होऊनपन कामाचा नाय." ते कित्येक महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं. बाबांनी वाद घातला नाही. एरवी त्यांनी घातला असता.

मग पारख सुरू झाली. आप्पांनी चिकूला उचलून गाडीवर बसवलं आणि जमिनीवर उकिडवे बसून तिचे पाय बघितले. तळवे पट्टीवर पूर्ण टेकतात का, की टाचा हवेत. टेकत होते. मग त्यांनी तिला ब्रेक धरायला लावला. तिच्या बोटांचं दुसरं पेर दांडीवर बसलं, तेव्हा त्यांनी "हं" केलं. बंट्याचंही तसंच बघितलं. उजव्या अंगठ्याने दाबायची एक छोटी पट्टी होती, दाबली की गाडी चालते, सोडली की मंदावते. त्या पट्टीजवळ एक स्क्रू होता. तो आत फिरवून ठेवला की अंगठा कितीही दाबला तरी गाडी माणसाच्या चालीपेक्षा जास्त जात नाही, असं तेजसने सांगितलं. सगळ्यात शेवटी त्याने गाडीच्या मागून एक लांब लाल दोरी काढली. दोरीचं टोक मोठ्या माणसाने हातात धरायचं आणि गाडीमागून चालायचं. काही गडबड वाटली की खेचायची. दोरी सुटून येते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं.

आप्पांनी दोरी हातात घेतली. खेचून बघितली. इंजिन बंद पडलं. परत लावायला सांगितली, परत खेचली. परत बंद. "कासरा हाय," ते बाबांना म्हणाले. वर्षभरात त्यांनी बाबांना आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट. बाबांनी घाईघाईने मान डोलावली, आणि खिशातून रुमाल काढून उगाचच कपाळ पुसलं.

दुकानातला शेवटचा प्रसंग तेजस अजून सांगत असेल. बैलबाजारात भाव बोलून होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात टॉवेलखाली धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तेजसचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि त्याची तीन बोटं घट्ट दाबली. तेजस लाल झाला. "सर, किंमत फिक्स आहे," तो म्हणाला. आप्पांनी अजून एक बोट दाबलं. तेजस मदतीसाठी माझ्याकडे बघू लागला. मी समजावून सांगितलं. तो आत जाऊन मालकाशी बोलून आला, आणि किंमत तीच राहिली, पण दोन हेल्मेटं, कोपराचे आणि गुडघ्याचे पट्टे वर मिळाले. आप्पा मला म्हणाले, "पोऱ्या नवीन हाय. बोटां लय लवकर सोडली."

गाडी टेम्पोतून घरी आली. आईने हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि मुलं हेल्मेटं घालून तयार उभी राहिली. आप्पांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. पहिले काही दिवस इंजिन लावायचं नाही, असा हुकूम निघाला. मुलांनी रोज सकाळी जाऊन गाडीवर बसायचं, ब्रेक दाबायचा, सोडायचा, अंगठा ठेवायचा, उचलायचा. गाडी रिकाम्या गोठ्यात उभी केली होती. आप्पा जवळ ओंडक्यावर बसून, "चल," म्हणायचे, मुलं अंगठा ठेवायची. "होऽऽ," म्हणायचे, मुलं अंगठा उचलायची आणि ब्रेक दाबायची. बंद गाडीवर हा प्रकार बघायला शेजारपाजारची माणसं येऊन गेली. बंट्या कंटाळला. "अरे आप्पा, बोर होतंय यार, चालू कर ना," म्हणून त्याने भोकाड पसरलं, तेव्हा आप्पांनी त्याला शांतपणे उतरवलं आणि चिकूला बसवलं. चिकू कंटाळली नाही. ती लहानपणापासून तशीच आहे, तिला सांगितलेलं काम ती करत बसते. मला मात्र काळजी वाटू लागली. मी आप्पांना एकदा हळूच विचारलं, "आप्पा, ही मशीन आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मना काय येरा समजतंस? मशीन हाय तं हाय. पोरां मशीन नाय ना."

मग एका सकाळी किल्ली लागली. तो आवाज मला अजून आठवतो, शिलाई मशीन जोरात चालवल्यासारखा. चिकू पुढे, मागे दोरीचं टोक धरून आप्पा, आणि गाडी त्यांच्या चालीने वाडीतून निघाली. पहिल्या झाडापर्यंत गेली. "होऽऽ." थांबली. "चल." दुसऱ्या झाडापर्यंत गेली. असं रोज सकाळ-संध्याकाळ. आप्पांचे गुडघे दुखतच होते, पण ते आता चालताना दुखत होते. आईने एका दुपारी त्यांचं ताट उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि मला दाखवलं. ताट पुसून खाल्लेलं होतं. तिने जास्तीची भाकरी थापायला घेतली. ओट्यावर "होऽऽ" ऐकू आलं की बाबा पेपर खाली ठेवायचे. जवळ मात्र जायचे नाहीत. बैलांचं ते दोघांच्या मध्ये होतं तिथेच होतं.

वाढदिवसाला मंडप घातला, डीजे लावला. आमच्याकडे साधा वाढदिवस करणं म्हणजे घरात काहीतरी अडचण आहे असं समजतात. मटण, वडे, घाऱ्या, केक, असा सगळा बेत होता. केक कापून झाल्यावर पाहुणे मागच्या वाडीत गाडी बघायला आले. पाहुण्यांना मुलांच्या पायाच्या तळव्याशी आणि बोटाच्या पेराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी बॅनर बघितलेला होता. एवढीशी गाडी बघून ते आधी गप्प झाले, आणि मग बंट्याने पहिली चक्कर मारल्यावर हसायला लागले. बाबांचा एक जुना दोस्त मोठ्याने म्हणाला, "शेट, ही तं कोंबरीपेक्षा सावकास चालते! कोंबरी घ्याची होती!" सगळे खिदळले. बाबाही हसले. पण ते कसं हसले, हे मी बघितलं.

पुढे बाबांनी नेमकं काय केलं ते मला दिसलं नाही, पण पुरावा नंतर सापडला म्हणून सांगते. आप्पा बंट्याला उतरवून, चिकूच्या हेल्मेटचा पट्टा लावायला तिला घेऊन बाजूला झाले. तेवढ्या वेळात बाबा गाडीवर वाकले. मला वाटलं, पुसतायत. मग ते सरळ झाले, एक हात पाठीमागे घेऊन. चिकू येऊन बसली. आप्पांनी दोरीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, "चल."

गाडी सुटली. डीजेच्या आवाजात इंजिनाचा आवाज ऐकू आला नाही, नुसती लाल गाडी पुढे गेलेली दिसली, आणि मागे आप्पा धावत. पहिलं झाड गेलं, दुसरं गेलं. वाडीच्या टोकाला बांध आहे आणि बांधापलीकडे तेव्हा बिल्डरने इमारतीच्या पायासाठी खड्डा खणून ठेवला होता. त्याच्याभोवतीचे कुंपणाचे पत्रे एका बाजूला पडलेले. कुणीतरी ओरडलं. आई मंडपातून वाडीकडे धावत सुटली. मी पण धावले, पण मी बरीच मागे होते. आप्पांच्या चपला पायातून गेल्या, टॉवेल गेला. दोरी त्यांच्या हातात होती. हात पुढे ताणलेला, आणि ते दोरी अजिबात ताणू न देता, गाडीच्या वेगाने धावायचा प्रयत्न करत होते. पाहुणे ओरडत होते, "खेच! खेच ना!" आप्पा खेचत नव्हते. आताआतापर्यंत ओट्यावरून न उठणारा माणूस नांगरटीच्या ढेकळांतून अनवाणी धावत होता आणि तोंडाने, न ओरडता, पण डीजेच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता, "होऽऽ, होऽऽ बाय, होऽऽ."

चिकूने अंगठा उचलला आणि ब्रेक दाबला. गाडी बांधाच्या अलीकडे, पुढची चाकं गवतात घालून, उभी राहिली. खड्डा तिथून चार हातांवर होता. चिकू खाली उतरली नाही, कारण उतर असं कुणी सांगितलं नव्हतं. ती हँडल धरून मागे बघत राहिली. तिला भीती वाटलेली नव्हती. आपण काही चुकलो का, एवढंच तिच्या तोंडावर होतं. आईने तिला उचललं आणि इतकी आवळली की मग मात्र ती रडली.

कुणीतरी डीजे बंद केला. आप्पा गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे होते आणि त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. पायातून रक्त येत होतं. बाबा धावत आले. चिकू धड आहे हे त्यांनी बघितलं आणि त्यांच्या भीतीला कुठेतरी जायला हवं होतं, ती आप्पांवर गेली. "भाऊ, दोरी कं नाय खेचली? दुकानात दोनदा खेचून बगितलीस ना? खेचली असतीस तं तितंच बंद परली असती!"

आप्पांनी मान वर केली. हातातल्या दोरीकडे बघितलं. तिचं दुसरं टोक अजून गाडीला होतं, मध्ये ती सैल पडलेली.

"नाकाला लागला असता," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. त्या वाडीत जी माणसं उभी होती त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी बैल धरलेला होता. घाबरून उधळलेल्या कोवळ्या जनावराची वेसण खेचायची नसते, नाक फाटतं. त्याच्याबरोबर धावायचं असतं, त्याला आवाज द्यायचा असतो. कोंबडीवाला दोस्त जमिनीकडे बघत होता. मशीन आहे हे आप्पांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांच्या हाताला माहीत नव्हतं.

बाबा उभे होते तसे खाली ढेकळांत बसले. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. खिशातून त्यांनी स्क्रू फिरवायचा पेचकस काढला आणि समोर मातीत ठेवला. आमच्या भाषेत त्याला मुद्देमाल म्हणतात. "स्क्रू मी ढिला केला, भाऊ," ते म्हणाले. "पावनं हसत होतं म्हनून. तुना इचारला नाय." बाबांनी हाताच्या पाठीने नाक पुसलं. "बैलांच्या टायमालापन नाय इचारला. चुकला माजा."

आमच्या घरातल्या पुरुषाच्या तोंडून ते वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि तेही शंभर पाहुण्यांसमोर. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आप्पांनी बाबांकडे बघितलं. बैलाला बघावं तसं नाही, नुसतं. मग ते म्हणाले, "उठ. कपरं खराब व्हतील." बाबा उठले. आप्पांनी पेचकस उचलून त्यांच्या हातात दिला आणि गाडीकडे बोट केलं. बाबांनी वाकून स्क्रू आत फिरवला, आप्पा "अजून" म्हणत राहिले तोपर्यंत फिरवत राहिले. चिकूला आप्पांनी विचारलं, "बसतंस कं परत?" आई नाही म्हणणार होती. चिकू आईच्या कडेवरून खाली घसरली आणि जाऊन बसली. आता ती दोनशे सीसीची मोटारसायकल चालवते आणि आई रोज नाही म्हणते.

आप्पांचे पाय आता टेकत नव्हते. त्यांनी दोरीचं टोक बाबांच्या हातात दिलं आणि स्वतः माझ्या खांद्याचा आधार घेतला. "चल," ते म्हणाले. गाडी निघाली, कोंबडीपेक्षा सावकाश. पुढे चिकू, मागे दोरी धरून बाबा, बाजूला लंगडत आप्पा, आणि दोन्ही बाजूंना पाहुणे वाट सोडून उभे. बाबांनी दोरी मुठीत घट्ट आवळून धरली होती.

"ढिली सोर," आप्पा म्हणाले.

बाबांनी थोडी सोडली. दोन पावलं गेले. मग आप्पांकडे वळून त्यांनी हात पुढे करून दाखवला.

"येवरी बरी हाय कं, भाऊ?" त्यांनी विचारलं.